सशाचे केस गळतायत, नेमका ब्रश कोणता घ्यायचा?

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांचा पांढरा ससा आहे, मुलीने हट्ट करून आणलेला. गेले पंधरा दिवस त्याचे केस इतके गळतायत की सोफ्यावर, कपड्यांवर, परवा तर मळलेल्या कणकेतसुद्धा सापडले. ऑनलाइन कुत्र्यांसाठीचा ब्लेडवाला कंगवा मागवला, केस भरपूर निघाले पण मानेजवळ लाल ओरखडा उठला आणि आता तो कंगवा दिसला की ससा पलंगाखाली पळतो. काय घ्यावं? आणि एकदाच अंघोळ घातली तर चालेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तो ब्लेडवाला कंगवा आजच बाजूला ठेवा. तुमचं चुकलं असं नाही हो, पाकिटावर सगळ्याच प्राण्यांचे फोटो असतात, माणूस फसतो. पण सशाची कातडी कुत्र्यासारखी नसते. तो शांत बसला असेल तेव्हा पाठीवर हलकी फुंकर मारून बघा, लव दुभंगते आणि आतली गुलाबी कातडी दिसते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यावर धातूची धार ओढली की ओरखडाच काय, कातडी फाटूसुद्धा शकते. ओरखडा चिघळला, ओला दिसला तर डॉक्टरांना दाखवा, घरातलं मलम लावू नका कारण तो चाटणारच.

सगळ्यात चांगलं साधन तुमच्या हाताशीच आहे, म्हणजे खरंच तुमचा हात. तळवे पाण्याने जरासे ओले करा, टपकतील इतके नाही, आणि कपाळापासून शेपटीकडे सावकाश फिरवत राहा, सुटलेले केस तळव्याला चिकटून त्यांची वळकटी होते. तुमचा ससा घाबरलाय ना, मग पहिले चार-पाच दिवस एवढंच करा. त्यानंतर छोट्या मऊ बोटांचा रबरी किंवा सिलिकॉनचा ब्रश घ्या, रोजचं काम त्यावरच भागतं. शेपटीच्या वर आणि मांड्यांवर लव दाट असते तिथे गोल टोकांची बारीक प्लास्टिकची फणी लागते, तीसुद्धा केसांच्या दिशेनेच, आणि अडकली तर ओढायची नाही. विंचरायचा हातमोजा मिळतो तो वरवरचेच केस काढतो पण सशाला कुरवाळल्यासारखं वाटतं म्हणून भित्र्या सशाला चालेल. वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश मात्र मी घ्यायला सांगणार नाही, तारांची टोकं टोचतात.

बसायचं जमिनीवर, टॉवेल अंथरून, पाच-दहा मिनिटं पुरेत, दिवसाआड केलं तरी चालेल पण आत्तासारखी गळती जोरात असेल तर रोज. कडेवर घेऊन विंचरू नका, सुटायला म्हणून त्याने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. उताणाही करू नका, तेव्हा तो गप्प पडून राहतो ते भीतीने. आणि तळपायाचे केस तसेच राहू द्या, सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, ते केसच त्याची चप्पल.

हे सगळं सोफ्यासाठी करायचं नाहीये बरं का. ससा मांजरासारखा अंग चाटतो, पण मांजर केसांचा गोळा ओकून टाकतं आणि सशाला ओकताच येत नाही. गिळलेले केस आतड्यातूनच बाहेर पडायला हवेत, त्यासाठी चाऱ्यातले तंतू लागतात. म्हणून सुकं गवत दिवसभर समोर हवं, पाणी भरपूर. आपल्याकडे कौतुकाने लसूणघास घालतात, पूर्ण वाढ झालेल्या सशाला तो रोजचा मुख्य चारा नको, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या बघत जा. माळेसारख्या केसांत ओवलेल्या दिसल्या तर पोटात केस जातायत, गवत आणि विंचरणं वाढवा. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या, किंवा दहा-बारा तास त्याने तोंडच लावलं नाही तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा, आतडी थांबली की ससा फार वेळ देत नाही.

अंघोळ अजिबात नको. खालची लव वाळायला तासन्‌तास लागतात, तो गारठतो आणि धक्क्याने दगावूही शकतो. कुठे घाण लागली असेल तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

आणि एक, गळती नेहमीची असेल तर खालून नवी लव येताना दिसते. टक्कल, खाज, मानेवर कोंड्यासारखे पापुद्रे असतील तर ती किडीची लक्षणं असू शकतात. कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे मनाने मारू नका, त्यात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असेल तर ते सशाला विषारी आहे.

प्रश्न : माझा ससा लांब केसांचा आहे, कानामागे गुठळी झालीये, कात्रीने कापू का? – एक कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कात्री नको रे. गुठळी वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि नेमकी तीच कापली जाते. मुळाशी दोन बोटांनी धरून टोकाकडून थोडी थोडी बोटांनीच सोडव, एका दिवसात नाही सुटली तर उद्या पुन्हा. अगदी घट्ट नमद्यासारखी झाली असेल तर डॉक्टरांकडून मशीनने काढून घे. शेपटीखाली तर रोज बघच, पावसाळ्यात तिथे ओलं राहिलं की माशी अंडी घालते.