बारावीनंतर अमेरिका, पुढे डेंटल : मेजर कुठला घेऊ?

तुझा मेसेज काल शेवटचा पेशंट गेल्यावर निवांत वाचला. बारावी पीसीबीने झाली, बाबा अमेरिकेत बॅचलर्सला पाठवायला तयार आहेत आणि पुढे डेंटिस्टच व्हायचं, हे तुझं पक्कं. घोडं अडलंय ते मेजरवर, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयावर. बाबा म्हणतात बायोलॉजी, तुझं मन सायकॉलॉजीत, आणि मावशीच्या ओळखीतल्या कुणीतरी बायोमेडिकल इंजिनिअरिंग सुचवलंय, का तर डेंटल नाही जमलं तरी हाताशी काहीतरी राहील.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तो उद्योग मी स्वतः केलाय. माझ्याही घरी 'इंजिनिअरिंगचा आधार असू दे' हेच चाललं होतं. तिसऱ्या सेमिस्टरला सर्किट्स, थर्मो आणि फिजिक्स एकदम अंगावर आले. पहिल्या दोघांत सी, फिजिक्समध्ये डी. कॉलेजातल्या ॲडव्हायझर बाई म्हणाल्या, परत घे, जुना ग्रेड पुसला जातो. घेतलं, ए मिळाला, कॉलेजच्या जीपीएतून, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीतून, डी खरंच गेला. मी खूश. पुढे डेंटलचा अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं की इथले बहुतेक सगळे अर्ज ज्या ॲडसॅस (AADSAS) नावाच्या एकाच यंत्रणेतून जातात, ती तुझा जीपीए स्वतः नव्याने काढते, आणि त्यात तू दिलेला प्रत्येक प्रयत्न धरते. डी तिथे ठाण मांडून बसला होता. सायन्सचा जीपीए तर वेगळा काढतात, त्यात तो जास्तच बोचला. तोवर मी बायोलॉजीत बदली करून घेतली होती, पण झालेलं नुकसान भरून निघालं नाही. पहिल्या वेळी नऊ ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यूला बोलावणं नाही.

तेव्हा इंजिनिअरिंग डोक्यातून काढ. तुला ते मनापासून आवडत असतं तर गोष्ट वेगळी. आधार म्हणून घेतलेलं मेजर आधी जीपीए खातं.

आता खरा प्रश्न. डेंटल स्कूलला तुझ्या मेजरशी देणंघेणं नसतं. अर्ज करणाऱ्यांत बायोलॉजीवाले सगळ्यात जास्त, पण संगीत शिकलेलेही आत येतात. त्यांना लागतात ते ठरावीक विषय. स्कूलागणिक थोडा फरक असतो, पण साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, प्रत्येकी दोन सेमिस्टर, लॅबसकट, म्हणजे सगळे मिळून ३२ क्रेडिट्स (विषयाचं वजन मोजायचं एकक). वर बायोकेमिस्ट्री, इंग्लिश, आणि बऱ्याच जणांना ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजीही हवं असतं. डिग्रीची एकूण क्रेडिट्स बहुतेक कॉलेजांत १२०. बायोलॉजीत यातलं बरंचसं डिग्रीच्या पोटातच होऊन जातं. सायकॉलॉजी घेतलंस तर हे सगळं बाहेरून जुळवावं लागेल. अशक्य नाही, माझ्या वर्गात दोघीजणी होत्या. पण ऑरगॅनिकच्या लॅबच्या जागा आधी सायन्सवाल्यांना मिळायच्या आणि या दोघी रजिस्ट्रेशनच्या सकाळी सात वाजता लॅपटॉप उघडून देव पाण्यात ठेवून बसायच्या.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, सायकॉलॉजी घे. घाबरलेल्या पेशंटला खुर्चीत बसवणं हे आमचं निम्मं काम, तिथे ते कामी येतं. आवडीच्या विषयात मार्कही बरे पडतात. तू इथली नागरिक असतीस तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं.

पण तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणार आहेस. म्हणून मेजर निवडताना डेंटल स्कूल 'हो' म्हणेल तो दिवस डोळ्यासमोर धरू नकोस, 'नाही' म्हणेल तो धर. पहिल्या फटक्यात न लागणारे खूप असतात. इथली मुलं अशा वेळी आईवडिलांकडे राहून वर्षभर काहीतरी काम करतात आणि पुन्हा अर्ज टाकतात. आपल्याला डिग्रीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं, तेही मेजरशी संबंधित, आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहून चालत नाही. मेजर सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात, फक्त नोकरी देणारा ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत नोंदलेला हवा. मी ती वाढ वापरली. एका रिसर्च लॅबमध्ये दिवसभर पिपेट धरून अंगठा दुखायचा, पण त्या नोकरीने मला दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जापर्यंत इथे ठेवलं. दुसऱ्या वेळी एका ठिकाणी वेटलिस्ट, तिसऱ्या वेळी जमलं. मेजर यादीत नसतं तर वेटलिस्टचं पत्र मी सांगलीत बसून वाचलं असतं.

बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री यादीत आहेत. सायकॉलॉजीचं मात्र कॉलेज कुठल्या कोडखाली ते शिकवतं यावर ठरतं. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, मेजरच्या नावापुढे सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) छापलेला असतो, तो सरकारी यादीशी ताडून बघ. ॲडमिशन ऑफिसला हे थेट ईमेलने विचारायचं, लेखी उत्तर घ्यायचं. माझ्या ॲडव्हायझर बाईंनी जे सांगितलं ते तोंडी होतं.

थोडक्यात मी तुझ्या जागी असते तर मेजर बायोलॉजी आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, सायकॉलॉजी. बाबा खूश, तूही अर्धी खूश.

आल्यावर पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक. हा क्रम मोडू नकोस, कारण अर्ज तिसरं वर्ष संपता संपता, जूनच्या सुरुवातीलाच जायला हवा. मे महिन्यात फॉर्म उघडतो आणि स्कूल्स अर्ज येतील तसे बघत जातात, मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघणारे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. डॅट, म्हणजे डेंटलची प्रवेश परीक्षा, त्याआधी दिलेली बरी. तिच्यात फिजिक्स नाही, हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता! बायोलॉजी, दोन्ही केमिस्ट्री, वाचन, गणित, आणि एक विचित्र प्रकार म्हणजे पर्सेप्च्युअल ॲबिलिटी. कागदाच्या घड्या घातल्या, एका जागी भोक पाडलं, आता उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? गणपतीच्या मखरासाठी घोटीव कागदाच्या घड्या घालून कात्रीने नक्षी कापली असशील तर निम्मी तयारी झालीच आहे. माझ्याबरोबरची मुलं त्यासाठी महिनाभर डोकं खाजवत होती.

सेमिस्टरला १२ क्रेडिट्सच्या खाली जाऊ नकोस. एखादा विषय जड गेला म्हणून परस्पर सोडलास तर व्हिसाच धोक्यात येतो, आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं. आणि १८ वगैरे घेऊन हिरोगिरीही नको.

शॅडोइंग म्हणजे डेंटिस्टच्या खोलीत कोपऱ्यात उभं राहून बघणं. साधारण शंभर तास असावेत असं सगळे सांगतात, आणि ते इथल्या डॉक्टरांकडचे असले तर बरं. पण तू येण्याआधीच तिकडच्या तुमच्या डॉक्टरांकडे पंधरा दिवस जाऊन बस. सक्शनची घरघर, लवंगेच्या तेलाचा वास, लाळेत बुडालेला आरसा. त्याची किळस येत असेल तर विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी कळलेलं बरं.

पैशांचं बाबांशी एकदा नीट बोल. चार वर्षं बॅचलर्सची, मग चार डेंटलची. काही खासगी डेंटल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च राहण्या-खाण्यासकट पाच लाख डॉलरच्या वर जातो. इथल्या सरकारचं शैक्षणिक कर्ज आपल्याला मिळत नाही, खासगी कर्जाला बहुतेक वेळा इथला जामीनदार लागतो. सरकारी स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना आधी घेतात आणि काही तर परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. त्यामुळे कोण घेतं याची यादी पहिल्याच वर्षी कर, तिसऱ्या वर्षी नाही.

दुसरी वाट भारतातूनच निघते. इंटर्नशिप धरून पाच वर्षांत बीडीएस, मग इथली डेंटल लायसन्सची आयएनबीडीई परीक्षा आणि कॅपिड या अर्जांच्या यंत्रणेतून परदेशी डेंटिस्टांच्या दोन-तीन वर्षांच्या कोर्सला अर्ज. जागा थोड्या, चढाओढ दांडगी, बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या दातांवर समोर काम करून दाखवायला लावतात. शेवटच्या कोर्सची फी तिथेही सणसणीत आहे, पण इथल्या बॅचलर्सचा चार वर्षांचा खर्च वाचतो आणि काही झालं तरी हातात डेंटिस्टची डिग्री असते. बाबा साठवलेल्या पैशातून पाठवत असतील तर ये. घर गहाण टाकून पाठवत असतील तर मी म्हणेन, एखादं वर्ष थांबून 'नीट'ची परीक्षा पुन्हा दे आणि बीडीएस कर. हे त्यांना वाचायला दिलंस तरी चालेल.

आणि तू विचारलंयस, बारावीची जर्नल्स आणू का? नको, बॅगेत जागा लागेल. केमिस्ट्रीचं बोर्डाचं पुस्तक मात्र टाक. दुसऱ्या वर्षी इथे ऑरगॅनिकमधल्या एसएन१, एसएन२ या रिॲक्शन्स सुरू झाल्या तेव्हा साडेतीन किलोचं टेक्स्टबुक बाजूला ठेवून मी तेच उघडलं होतं.