तळपायाची रात्रभर आग होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून दोन्ही तळपाय पेटल्यासारखे होतात, रात्री पायावर चादरसुद्धा सहन होत नाही, एक्स-रे झाला, करंट लावून नसांची तपासणी झाली, सगळं नॉर्मल आलं आणि आता घरचे म्हणतात की तुमच्या मनानं घेतलंय. आधी एवढंच सांगतो, हे मनाचं नाही. सहा वर्षं मी हेच दुखणं सोबत घेऊन राहतोय आणि पहिलं सव्वा वर्ष मलाही हेच ऐकावं लागलं होतं.

मी डॉक्टर नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात ३१ वर्षं गादीवर बसून माल दाखवला. रोज पहाटे पर्वती चढायचो. १०३ पायऱ्या, कधी चुकवल्या नाहीत. एका सकाळी खाली उतरल्यावर डाव्या चवड्याखाली मोजा गोळा झाल्यासारखं वाटलं. कठड्यावर बसून बूट काढला तर मोजा अगदी नीट होता. पुन्हा बूट घातला, पुन्हा तेच. महिन्याभरात ते दुसऱ्या पायात आलं, मग मुंग्या, मग सुया, मग आग. थंडीतही पाय पांघरुणाबाहेर. दोनदा रात्री उठून मोरीच्या ओल्या फरशीवर उभा राहिलोय.

एका ठिकाणी टाचेचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं. सिलिकॉनची टाच घातली, दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, काही फरक नाही. आता कळतं की ओळखायची खूण साधी होती. टाचेचं दुखणं सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला जीव घेतं आणि चालता चालता सैल पडतं. नसांचं दुखणं उलटं. दिवसा कामाच्या नादात दबून राहतं आणि दिवा मालवला की डोकं वर काढतं. सुजेवर चालणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत, कारण इथे सूज नाही, नसच चुकीची हाक देतेय.

शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे नसांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा धागा तळपायाला टेकवत गेले. लागलं की हो म्हणायचं. सगळे बरोबर आले. मग त्यांनी स्टीलचा कंपनकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क घेतला, वाजवला नाही, नुसता नडगीवर टेकवला. गार लागला. तोच काटा घोट्याखाली टेकवला, कोमट लागला. पावलावर टेकवला तर गार की गरम, काहीच सांगता येईना. मी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहतच राहिलो. सव्वा वर्षात पहिल्यांदा कोणीतरी माझं दुखणं हातात धरून दाखवलं होतं.

त्यांनी समजावलं ते असं. नसांमध्ये जाड तंतू असतात आणि बारीक तंतू असतात. स्पर्श, कंपन, हालचाल जाड तंतूंकडे. आग, टोचणं, गार-गरम बारीक तंतूंकडे. करंटची तपासणी फक्त जाड तंतूंची होते. बारीक तंतू बिघडले असले तरी तो रिपोर्ट नॉर्मलच येतो. त्यामुळे तुमचा रिपोर्ट खोटा नाही आणि तुमची आगही खोटी नाही. बारीक तंतू पाहायचे तर घोट्याजवळच्या कातडीचा एवढासा तुकडा काढून तपासतात. मला तिथवर जावं लागलं नाही, कारण रक्तातच सापडलं.

बी-१२ निघालं ११८, जे २०० च्या वर तरी हवं. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३. ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, कारण ६.५ पासून मधुमेह धरतात. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. शाकाहारात बी-१२ मिळतं ते फक्त दूध, दही, ताकातून. त्यात मी दहा वर्षं पित्ताची गोळी रोज घेत होतो, आणि त्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की बी-१२ नीट शोषलं जात नाही. साखरेच्या मेटफॉर्मिनचंही तसंच आहे, तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे माझ्या एकट्याचं नाही. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी-१२ कमी होतं.

म्हणून तुमच्या रिपोर्टांत बी-१२, एचबीए१सी, थायरॉइड आणि किडनीचे आकडे आहेत का, ते आज बघा. नसतील तर तपासणी अर्धीच झाली आहे.

आता औषधांचं. मला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. आगीसाठी रात्री प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम. झोप लागली, पण घोटे सुजायला लागले आणि सकाळी उठताना गरगरायचं. दुसरं औषध अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ते मला प्रोस्टेटच्या त्रासामुळे दिलं नाही. मग ड्युलोक्सेटिन, आधी ३० आणि नंतर ६०. पहिला आठवडा मळमळलं, मग बसलं. या गोळ्यांच्या कागदावर नैराश्य, फेफरं असं लिहिलेलं असतं. ते वाचून माझी बायको रडली होती. तुम्ही घाबरू नका, तीच औषधं नसांच्या दुखण्यावरही देतात. डॉक्टर म्हणाले होते, "वाड्यात चोर नाही, पण राखणीचं कुत्रं रात्रभर भुंकतंय. ही गोळी त्या कुत्र्याला झोपवते." ते दोन दिवसांत झोपत नाही. डोस हळूहळू वाढवतात, गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मनानं बंद तर अजिबात करू नका, एकदम सोडल्या तर त्रास होतो.

आणि आगच राहणार नाही अशी आशा धरून गोळी घेतलीत तर तुम्ही ती तिसऱ्या आठवड्यात टाकून द्याल. दुखणं निम्म्यावर आलं तर डॉक्टर औषध लागू पडलं म्हणतात. माझं दहापैकी आठ होतं, चार महिन्यांनी चारवर आलं. चारवर माणूस झोपतो.

दुकानातून स्वतःच बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाऊ नका. बऱ्याच गोळ्यांत बी-६ ही असतं, आणि जास्त बी-६ दीर्घकाळ पोटात गेलं तर त्यानंच नसा बिघडतात. पाकिटाच्या मागचं वाचा.

एक गोष्ट मी फार महाग शिकलो. पायाची आग होते म्हणजे पायाला सगळं कळतं, असं नाही. एका संध्याकाळी बायकोनं टबात मिठाचं गरम पाणी करून दिलं. बरं वाटलं, वीस मिनिटं बसलो. रात्री मोजा ओला लागला, काढला तर करंगळीपासून चवड्यापर्यंत फोड फुटलेला. मला गरम लागलंच नव्हतं. ती जखम भरायला पाच आठवडे लागले, आणि साखर जास्त असती तर प्रकरण बोटावर गेलं असतं. तेव्हापासून गरम पाणी नाही, शेकाची पिशवी नाही, बर्फही नाही. अंघोळीचं पाणी कोपरानं बघतो. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतो. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवतो. एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालूनच जातो, देवाला राग येत नाही. घरातही एमसीआर रबराची मऊ चप्पल.

काशाची वाटी विचारलीत. जरूर घासा. खोबरेल तेल लावून, हलक्या हातानं, बोटांच्या बेचक्यांत तेल न ठेवता. नसा त्यानं दुरुस्त होत नाहीत, पण माझी बायको दहा मिनिटं घासते तेव्हा कितीतरी रात्री डोळा लागलाय. चादरीसाठी पायथ्याशी पुठ्ठ्याचं रिकामं खोकं आडवं ठेवा आणि चादर त्यावरून घ्या, म्हणजे ती बोटांना टेकत नाही. फुकटचा उपाय आहे, आज रात्रीच करून बघा.

काही गोष्टींत मात्र थांबू नका. मुंग्या चार-दोन दिवसांत भराभर वर चढायला लागल्या आणि पायातली ताकद गेली तर थेट हॉस्पिटल गाठा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुईलेन-बॅरे या नसांवर अचानक घाला घालणाऱ्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा बऱ्याच जणांची सुरुवात अशीच झाली होती. चालताना पंजा लुळा पडत असेल, एकाच पायाला त्रास असेल, तर कारण वेगळं असू शकतं. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात करंट जात असेल तर तिथे नस दबलेली असू शकते. आणि अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा असेल तर लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात दाखवा, कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर नसा वाचतात.

पर्वती मी आता आठवड्यातून तीनदा चढतो, मध्ये दोनदा बसून. चालण्यानं माझ्या नसांना त्रास झाला नाही, उलट साखर ५.८ वर आली. माउलींच्या पालखीबरोबर पूर्वी सासवडपर्यंत जायचो, या वर्षी भवानी पेठेतून हडपसरपर्यंत गेलो. तिथे एका मुलानं पाय चेपायला घेतले, त्याला म्हटलं, बाळा, पोटऱ्या चेप, तळव्यांना हात नको लावूस. त्यानं काही विचारलं नाही, पोटऱ्याच चेपल्या.

तुमच्या बी-१२ आणि एचबीए१सीचा आकडा हातात आला की इथेच खाली लिहा, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही. मी रोज रात्री बघतो.