पोलिओमुळे मी कुबड्या घेऊन चालते. मंडळीत सेवा करायची खूप इच्छा आहे, पण पाळकसाहेब म्हणतात 'तू बसून प्रार्थना कर, तीच तुझी सेवा'. सुरुवात कुठून करू?

'तीच तुझी सेवा' इथेच माझं डोकं तापलं, कारण अगदी हेच मीही ऐकलंय, आणि तेही घरातल्याच माणसाकडून. प्रार्थना ही सेवा आहेच, त्यात वाद नाही. पण धडधाकट माणसाला कोणी म्हणतं का की बाबा तू फक्त प्रार्थना कर? त्याला सतरंज्या घालायला लावतात, कमिटीवर घेतात, संडे स्कूल देतात, आणि प्रार्थना तो त्याच्याशिवाय करतोच.

मी नगर जिल्ह्यातली. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) आहे आणि उजव्या हातात काठी. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जुन्या अमेरिकन मराठी मिशनची. १९७० ला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तरी आमच्याकडे प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याची पद्धत मिशनच्या वेळचीच राहिलीय, लोक पुढे जाऊन गुडघे टेकत नाहीत, डीकन (मंडळीनं निवडलेले सेवक) बाकांमधून भाकरीचं ताट आणि छोट्या पेल्यांचा ट्रे फिरवतात. एका वर्षी लोकांनी मला डीकन म्हणून निवडून दिलं. बिनविरोध नाही, मतं पडून. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये नाना (आईचे चुलतभाऊ, मंडळीतले सगळ्यात जुने डीकन) म्हणाले, "ताई हिशोब बघेल, ताट बाकीचे फिरवतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पतसंस्थेत आठवडाभर हिशोबच करते हो, रविवारी पण तेच? मी विचारलं का म्हणून, तर म्हणे द्राक्षारस सांडला तर प्रभूच्या मेजाची विटंबना होईल.

खरं कारण नंतर घरी चहा पिताना निघालं. नानांनी बायबलमधलं लेवीय २१ काढलं, ज्याच्या अंगात व्यंग असेल त्या याजकानं अर्पण करायला वेदीजवळ येऊ नये. मी म्हटलं नाना, वचनं १७ ते २१ वाचलीत, आता २२ पण वाचा. तिथे लिहिलंय की त्याच व्यंग असलेल्या माणसानं देवाचं अन्न खावं, पवित्र आणि परमपवित्र दोन्ही. म्हणजे त्याला याजकाच्या घरातून कोणी बाहेर काढलेलं नव्हतं. आणि ती वेदी अहरोनाच्या, म्हणजे इस्राएलाच्या पहिल्या मुख्य याजकाच्या वंशाची होती, आपण कुठून आलो अहरोनाचे? इब्री ७ मध्ये तर ते याजकपणच बदललं असं सांगितलंय, आणि १ पेत्र २:९ प्रमाणे अख्खी मंडळीच राजकीय याजकगण आहे, त्यात पायाची अट कुठेय? मग मी मफीबोशेथ काढला, शौल राजाचा नातू, दोन्ही पायांनी लंगडा, आणि दावीद राजा त्याला रोज आपल्या मेजावर जेवायला बसवतो. नाना म्हणाले, "बसवतो ना, वाढायला नाही लावत." हे मला फार लागलं. आजही लागतं. अपंगानं कायम पाहुणाच राहायचं, घरचं कधी व्हायचंच नाही, असाच त्याचा अर्थ ना?

आणि हेच नाना प्रत्येक कार्यक्रमात पंडिता रमाबाईंचं नाव घेतात. रमाबाईंना ऐकू कमी यायचं. त्याच कारणानं इंग्लंडमध्ये त्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण हुकलं. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला वारल्या तोपर्यंत ते काम चालू होतं. त्यांना कोणी म्हटलं असतं का की बाई तुम्ही कोपऱ्यात बसून प्रार्थना करा? आपल्या मिशनच्याच ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, मग ती मुलं मोठी होऊन मंडळीत वाचायला उभी राहिली तर अडचण का वाटावी?

बरं, ताटाचं काय झालं ते सांगते, ते तुमच्या उपयोगाचं आहे. पाळकीणबाई माझ्या बाजूनं होत्या. शनिवारी संध्याकाळी चर्च उघडून आम्ही दोघींनी रिकामं ताट घेऊन करून बघितलं. पेल्यांच्या ट्रेला दोन्ही हात लागतात, तो मला जमणार नाही हे उघड होतं. पण भाकरीचं ताट एका हातात राहतं. शिवाय प्रत्येक बाकात शिरायचं नसतंच, कडेला उभं राहून ताट आत द्यायचं, ते हातोहात पुढे जातं आणि मागच्या ओळीतून परत येतं. खरी अडचण वेदीच्या दोन पायऱ्यांची होती, ताट हातात घेऊन काठीवर उतरणं म्हणजे पडणंच. मग पाळकसाहेबांनी प्रभूचं मेजच पायऱ्यांच्या खाली आणून मांडलं. झालं! खर्च शून्य. आता गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या डीकनांनाही तेच बरं पडतं, मेज पुन्हा वर न्यायचं नाव कोणी काढत नाही. नाना मात्र त्या रविवारी उठून दुसऱ्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले, मी ताट देते ती बाजू सोडून. अजूनही तिकडेच बसतात. बसू देत.

आता तुमच्याबद्दल. 'मला काहीतरी सेवा द्या' असं मोघम विचारू नका, त्याला 'प्रार्थना कर' हेच उत्तर मिळतं. एक काम धरा. शास्त्रपाठ वाचन सगळ्यात सोपं, वाचणाऱ्यांची यादी आधीच ठरते त्यात नाव घालायला सांगा, आणि पुलपिटावर (उपदेशाच्या उंच जागेवर) चढता येत नसेल तर माईक खाली मागा, पण तोंड मंडळीकडे करूनच वाचा, बाकावर बसून पाठमोरं नाही. दोन कुबड्या असल्या तर ताट जमणार नाही पण संडे स्कूल, घरभेटी, क्वायर काय वाटेल ते जमेल. रॅम्प मागायला लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारतीही येतात. फक्त उतार बघून घ्या, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमच्याकडे आधी घाईघाईत केलेला रॅम्प इतका उभा होता की त्यावरून नुसत्या खुर्च्यांच्या गाड्या जायच्या, माणूस नाही.

आणि कोणी म्हणालं की आधी विश्वासानं बरी हो मग सेवा कर, तर योहान ९ दाखवा. तिथे जन्मांध माणसाबद्दल, ह्यानंही पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही, हे येशूनं स्वतः सांगितलंय. बरं होण्यासाठी प्रार्थना करायला माझा विरोध नाही, पण न विचारता डोक्यावर हात ठेवलेला मला चालत नाही.

हे मी माझ्या पायावरून सांगतेय. ऐकू न येणाऱ्यांना, किंवा मतिमंद मुलं असलेल्या आईबापांना वेगळ्या गोष्टी लागतील, ते त्यांनाच विचारलं पाहिजे. आणि पोलिओवाल्यांना वय वाढल्यावर थकवा जास्त येतो, जुनी ताकद कमी होते, तेव्हा कोणाला दाखवून द्यायचं म्हणून उभं राहू नका, दुखत असेल तर सरळ बसून करा. मी पण सणाच्या मोठ्या भोजनाला आता एकच बाजू घेते.

तुमचे पाळकसाहेब वाईट असतील असं नाही, बहुतेकांना नुसती तुम्ही पडाल ही भीती असते. त्यांना एखाद्या शनिवारी चर्च उघडायला सांगा आणि त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. तरीही नाही म्हणाले तर वार्षिक सभेच्या आधी कमिटीला लेखी अर्ज द्या, आणि अर्जात आजाराची कहाणी लिहू नका, कुठलं काम हवंय आणि त्यासाठी काय हलवावं लागेल तेवढंच लिहा.