पाकळीला काय विचारायचं?

प्रश्न: मी म्हापशात उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते. मामंजींना डॉक्टरांनी बायपास सांगितलीय, पण घरच्यांना आधी देवाचा कौल हवाय, म्हणजे मूर्तीला लावलेली कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचं उत्तर. पाकळी पाण्यानं चिकटते, पाणी सुकलं की पडते, हे मला कळतं. तरी देवळात गेले की हात जोडले जातातच. मी ढोंगी आहे का?

उत्तर: नाही गं बाय. हात जोड, पण पाकळीला काय विचारायचं ते आजच घरात ठरव.

मी ३१ वर्षं परिचारिका होते. बाबांना काचबिंदू झाला तेव्हा डोळ्यातला दाब ३२ भरला. २१ पर्यंत चालतो, हे मला पाठ होतं. तरी 'ऑपरेशन करू की नको' म्हणून आम्ही कौल लावला. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या. कितीतरी वेळानं डावी पाकळी घसरली, म्हणजे 'नको'. आम्ही थांबलो. मीही तोंडातून शब्द काढला नाही. पाच महिन्यांनी बाबांना ताटाच्या कडेची वाटी दिसेना, ते चाचपडून घ्यायला लागले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. यात देवाचा दोष नव्हता. आकड्यानं जे आधीच सांगितलं होतं, ते आम्ही पाकळीला विचारलं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी आधी ऑपरेशनची तारीख घेतली, मग आम्ही देवळात गेलो. कौल नाही, नुसतं गाऱ्हाणं. भटजी मोठ्यानं म्हणाले, "म्हाराजा, तुझं लेकरू भ्यालंय, त्याला बळ दे." बाबा भ्यालेत, हे घरात तोवर कुणी बोललंच नव्हतं. भटजींच्या कानात ते बाबांनीच घातलं असणार. बाबांनी माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करायचा. करणाऱ्याच्या अंगातून चुंबकशक्ती वाहते, असं तेव्हा मानत. हा मात्र सांगायचा, शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे. तरी तो पाद्रीच राहिला. त्या पुतळ्यापाशी मला नेहमी धीर येतो.

तेव्हा आधी बायपासची तारीख घे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या, ते डॉक्टरांना विचार. मग मामंजींना देवळात ने, आणि गाऱ्हाण्यात काय घालायचं ते त्यांनाच भटजींच्या कानात सांगू दे.