भारतातल्या बी.एड.वर इंग्लंडच्या शाळेत शिकवता येतं का?

बी.एस्सी., बी.एड. झालंय, माध्यमिकला विज्ञान शिकवलंय, तर इंग्लंडला जाताना तिथला कोर्स पुन्हा करावा लागेल का आणि कागद कोणते लागतील, असं तुम्ही विचारलंय. कोर्स पुन्हा करावा लागत नाही. एवढं ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात महाभारत झालंय.

माझे मोठे दीर बरीच वर्षं तिकडे आयटीत आहेत. त्यामुळे तिकडचं काहीही असो, शाळा असो की गटार, भाऊजी म्हणतील ते ब्रह्मवाक्य. "तुझ्या बी.एड.ला इथे कुत्रं विचारत नाही, आधी पीजीसीई कर," (म्हणजे तिकडचा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स) हे त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि एका विद्यापीठाची लिंकही पाठवली. परदेशी विद्यार्थ्यांची फी वाचून सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

भाऊजींना जे माहीत नव्हतं ते असं. पीजीसीई ही शैक्षणिक पात्रता. शिकवण्याचा परवाना म्हणजे क्यूटीएस, क्वालिफाइड टीचर स्टेटस. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारत, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांतल्या प्रशिक्षित शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करता येतो. आपल्यासाठी अट अशी की गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा (तिकडच्या शाळांत चालणाऱ्या, फ्रेंच-स्पॅनिशसारख्या) शिकवण्याची पात्रता हवी, तीही ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी. पदवी, बी.एड. आणि बी.एड.नंतर किमान एक शैक्षणिक वर्षाचा अनुभव. पदवी इंग्रजीतून झाली असेल तर विद्यापीठाचं तसं पत्र, नाहीतर इंग्रजीची बी२ पातळीची (म्हणजे बऱ्यापैकी सफाईने इंग्रजी येतं हे दाखवणारी) मान्य परीक्षा. अर्ज त्यांच्या सरकारी वेबसाइटवर भरायचा, आणि त्याला फी नाही. शून्य. एजंट ज्याचे पैसे मागतात ते हेच.

तेच एजंट हल्ली ऑनलाइन इंटरनॅशनल पीजीसीई गळ्यात मारतात. ती केली म्हणून क्यूटीएस मिळत नाही. हे वाक्य त्यांच्याकडून लेखी मागा, फोन ठेवतात की नाही बघा.

आता खरी गोम सांगते. अडचण तिकडच्या नियमांत नाही, इकडच्या कागदांत आहे. माझं घोडं अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर. आपल्याकडचा दाखला कसा असतो ते माहीत आहेच: "सौ. अमुक या आमच्या विद्यालयात सहशिक्षिका म्हणून कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक चांगली होती. त्यांना भावी आयुष्यासाठी शुभेच्छा." विषय कुठला, मुलं किती वयाची, पूर्णवेळ की घड्याळी तासिकेवर, कधीपासून कधीपर्यंत, यातलं काही नाही. माझ्या दाखल्यावर तारीख होती, पण शाळेचा गोल शिक्का नेमका तिच्यावरच बसलेला.

नवीन दाखला मागायला गेले तर संस्थेत दोन गट पडलेले, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे. जुने मुख्याध्यापक निवृत्त. प्रभारींच्या सहीचे अधिकार दुसऱ्या गटाला मान्य नाहीत. हेडक्लार्क भला माणूस, चहा पाजला, पण म्हणाला, "मॅडम, पत्र टाइप करून देतो, जावक क्रमांक टाकता येणार नाही." जावक क्रमांकाशिवायचं पत्र म्हणजे काय, हे शाळेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. शिवाय अर्जात शाळेचा संपर्क द्यावा लागतो, तिकडून पडताळणीचा मेल येतो आणि त्याला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. शाळेचा मेल उघडायचा पासवर्ड होता बदली झालेल्या संगणक शिक्षकाकडे.

शेवटी मार्ग निघाला तो सेवापुस्तकातून. शाळा अनुदानित असल्यामुळे माझ्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता होती. त्या आदेशावर पद, विषय, तारीख, सगळं लख्ख. तो आणि सेवापुस्तकातल्या नोंदी पुढे केल्यावर प्रभारींना धीर आला. नवीन दाखल्यात नुसतं "इ. ८ वी ते १० वी" न लिहिता मुलांची वयं लिहून घेतली, कारण आपली दहावी म्हणजे कितवं वय हे तिकडच्याला का माहीत असावं? आणि मेलला उत्तर जाईपर्यंत मी ऑफिसातल्या बाकावर बसून राहिले. मागे लागल्याशिवाय आपल्याकडे कागद हलत नाही. लाज वाटू देऊ नका.

तुम्ही विनाअनुदानित शाळेत असाल तर मान्यतेचा आदेश नसण्याची शक्यता आहे. मग नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी, जे असेल ते नोकरी सोडण्याआधीच गोळा करा. सोडल्यावर कोणी ओळखत नाही.

बाकीचं पटकन. पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. स्पेलिंग मात्र आधीच जुळवून घ्या. नोकरी आणि स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी शाळेने घेतलेली जबाबदारी) मिळाली की व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमार्फत काढायचा, आणि टीबीची तपासणी मान्य केंद्रातच करायची. मध्ये घरी बसला असाल तर तो काळ नोकरीच्या अर्जात सरळ लिहा. मुलांच्या सुरक्षेच्या नियमांमुळे शाळा प्रत्येक खंडाबद्दल विचारतेच. मी "मूल लहान होतं" एवढंच लिहिलं, पुढे कुणी अवाक्षर काढलं नाही. आपल्याकडे याच कारणावरून मुलाखतीत तोंडं वाकडी करतात.

क्यूटीएस हातात नसतानाही परदेशी प्रशिक्षित शिक्षकाला तिथल्या सरकारी शाळेत ४ वर्षांपर्यंत शिकवता येतं. पण मग बहुधा अप्रशिक्षितांच्या श्रेणीत पगार लावतात आणि व्हिसाच्या पगाराच्या अटीत ते बसेलच असं नाही. प्रशिक्षित शिक्षकाची सुरुवात लंडनबाहेर २०२४-२५ मध्ये वर्षाला ३१,६५० पौंड होती. फरक मोठा आहे, क्यूटीएस घेऊनच जा.

हो, एक राहिलं. हे सगळं फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंडला त्यांच्या शिक्षक परिषदेकडे नोंदणी लागते, वेल्सचंही खातं वेगळं. इतिहास-भूगोलवाल्यांना आणि फक्त प्राथमिकचं प्रशिक्षण असलेल्यांना हा थेट रस्ता सध्या बंद आहे, त्यांच्यासाठी भाऊजी कदाचित बरोबर असतील. भौतिकशास्त्र आणि परकीय भाषांच्या शिक्षकांना स्थलांतरासाठी १०,००० पौंड मिळायचे ती योजना २०२३ आणि २०२४ च्या भरतीपुरती होती, तिच्यावर बजेट आखू नका. आणि क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे. स्पॉन्सर करणारी शाळा आपली आपणच शोधायची, तिथे जीवशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्रवाल्यांना मागणी जास्त.

भाऊजी आता नातेवाइकांच्या ग्रुपवर "आमच्याकडे सूनबाईंनी थेट क्यूटीएस काढलं, पीजीसीईची गरजच नसते" असं लिहितात. मी तिथे अंगठा देत नाही.