स्वतःच्या जागेत घर बांधायला परवानगी का लागावी?

हो, लागावी, पण तिने जागा, पाणी आणि शेजारी एवढंच बघावं, बाकी घर कसं असावं हे मालकावर सोडावं. मी सांगलीत घरांचे नकाशे करतो. इथे कृष्णेची निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत नवं घर नाही. दोन्हींच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पाण्याच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. प्लॉट घेणाऱ्याला उन्हाळ्यात हे दिसत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. शिवाय भराव तुम्ही टाकता आणि पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतं, त्यामुळे 'माझी जागा, माझी मर्जी' इथे चालत नाही.

मात्र फाईल टेबलावर अडवून ठेवायची पद्धत मला मान्य नाही. त्यापायीच लोक गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांवर, विनापरवाना बांधतात. २०२० च्या राज्य नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली आहे. तुमचा प्लॉट तेवढा असेल तर आधी पूररेषेचा नकाशा बघा, मग पैसे द्या.