फ्लूची साथ थंडीतच येते ना, मग पुण्यात पावसाळ्यात एवढे रुग्ण का?

महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळाच आहे, साधारण जून ते सप्टेंबर. थंडीतली साथ ही युरोप-अमेरिकेची आणि आपल्याकडे श्रीनगरची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगवेगळ्या शहरांतले नमुने तपासले, त्यांत हाच फरक दिसला. चेन्नईत तर ईशान्य मोसमी पावसाबरोबर साथ पुढे सरकते. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू जास्त वेळ टिकतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण आपल्याकडे त्या हिशोबाने उत्तर मिळत नाही. पावसात खिडक्या लावून वर्गात, लोकलच्या डब्यात माणसं दाटीने बसतात, एकाची खोकला-शिंक दहाजणांपर्यंत जाते. दमट हवेचाही वाटा असावा, पण नेमकं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही.

म्हणून घरात वयस्कर, गरोदर किंवा दम्याचं, मधुमेहाचं कुणी असेल तर लस एप्रिल-मेमध्येच द्या. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात.

मात्र ऋतूवर फार विसंबू नका: २०१५ मध्ये स्वाइन फ्लूची मोठी साथ फेब्रुवारी-मार्चमध्ये आली होती.